गाडीला वळण

माझं लग्न झालं त्या पहिल्या आठवड्यातच सासूबाईंनी निकाल दिला होता, की सुनेला वळण नाही. मी पोलादपूरच्या पेठेतली. वडिलांचं किराण्याचं दुकान, दुकानात बसून चौथीपर्यंत शिकलेली. डोक्यावर पदर ठरत नसे आणि तोंडात शब्द ठरत नसे. पुढे काही वर्षांनी त्यांनी हाच निकाल आमच्या घरातल्या एका तीनचाकी गाडीबद्दल दिला, तेव्हा मला त्या गाडीची एकदम माया आली. माझ्याबाबतीत त्यांचं म्हणणं वादाचं होतं. गाडीच्या बाबतीत मात्र ते अक्षरशः खरं होतं. ती गाडी वळत नसे.

गाडी आमच्या यांची. हे महाडला इंग्रजी शाळेत गणित शिकवत, आमचं बिऱ्हाडही तिथेच. यांचं मूळ घर शेतकऱ्याचं, पोलादपूरच्या थोडं अलीकडे सडकेला लागून असलेल्या एका वाडीतलं. वाडीतून इंग्रजी शिकून मास्तर झालेले हे पहिलेच, त्यामुळे वाडीत यांचा मान मोठा आणि यांच्या मनातला यांचा मान त्याहून थोडा मोठा. तिसाच्या सालानंतरची ती वर्षं. एका पावसाळ्यात सावित्री नदीच्या घाटावर शेवाळावरून यांचा पाय सरकला आणि कमरेचं हाड मोडलं. हाड पुढे जुळलं, पण आपल्या मर्जीने जुळलं. काठी घेऊन घरातल्या घरात किंवा वर्गात फळ्यापर्यंत चालता येई, त्यापुढे नाही. सायकलवर बसणं संपलं. बैलगाडीचे हादरे सोसत नसत. पाठ मागे टेकून पाय पुढे सोडले की मात्र काही दुखत नसे, आणि तसेच पडल्या पडल्या पाय हलवत राहा, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

पडले तेव्हा घाटावरून यांना चौघांनी फळीवर घालून घरी आणलं होतं. चौघांनी उचलून नेलेला माणूस दुसऱ्या दिवशी बिछान्यात चहा पितो आहे, हे बघायला अर्धी आळी येऊन गेली. तेव्हापासून 'उचला' हा शब्द यांच्यासमोर काढायची सोय राहिली नाही. पाट उचल म्हटलं तरी यांच्या कपाळाला आठी पडे.

गणिताचा मास्तर वर्षभर घरात पडून राहिला म्हणजे काय होतं, ते ज्या बाईच्या वाट्याला आलं तिलाच कळेल. यांनी पडल्या पडल्या माझं स्वयंपाकघर सुधारायला घेतलं. चूल आणि पाण्याची घागर यांच्यामध्ये मी दिवसभरात किती फुकट चालते, ते यांनी मनातल्या मनात मोजलं आणि घागर कुठे ठेवावी ते ठरवून दिलं. मी ठेवली. दोन दिवस तिला ठेचकाळले आणि तिसऱ्या दिवशी परत जागेवर नेऊन ठेवली. यांना ते कधीच कळलं नाही. यांच्या डोक्यातली घागर यांनी सांगितलेल्या जागीच होती आणि तेवढ्यावर यांचं समाधान होतं.

घागरीनंतर यांनी गाडी काढली. म्हणजे आधी कागदावर काढली. माझा भाऊ मुंबईला गिरणीत फिटर होता, तो गणपतीला रजेवर आला, तेव्हा यांनी त्याच्या हातात ते चित्र दिलं. आमची कापडी आरामखुर्ची, लांब हातांची, माझ्या वडिलांनी दिलेली. तिच्या पुढे दोन्ही बाजूंना एकेक चाक, पाठीमागे एक चाक. पाय पुढे पसरून पायडल मारायचं, चेन खुर्चीखालून मागच्या चाकाला जायची. हातांशी दोन बाजूंना दोन मुठी, त्या हलवल्या की पुढची चाकं वळायची. आणि दोन चाकं एकमेकांच्या हुकमात राहावीत म्हणून त्यांना जोडणारी एक आडवी लोखंडी दांडी. यांची जुनी सायकल आणि कोणाची तरी टाकून दिलेली दुसरी, अशा दोन सायकली मोडून भावाने ती गाडी उभी केली. उभी म्हणायची ती आपली रीत; होती ती आडवीच. रजा संपली तसा भाऊ मुंबईला गेला आणि हे शाळेला निघाले.

सरळ रस्त्याला ती गाडी काय धावे. पाठ टेकून, डोक्याला टोपी, छातीवर पुस्तकांची पिशवी, असे हे पेठेतून जाऊ लागले की दुकानदार तराजू हातात धरून बाहेर येत. आमच्या आळीच्या कोपऱ्यावर तांब्यापितळेच्या भांड्यांचं एक दुकान होतं. त्याचा मालक म्हणे, की इतर लोक बिछान्यातून उठून कामाला जातात, आमचे मास्तर बिछान्यासकट जातात. याच भांडीवाल्याच्या कोपऱ्यावर शाळेची गल्ली काटकोनात फुटत होती. एका बाजूला त्याच्या दुकानाच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला एका घराचा ओटा, आणि मधून बैलगाडी जेमतेम जाई. तिथे आमच्या गाडीचं बिंग फुटलं. तिला वळायला अख्खं बाजाराचं पटांगण लागे, आणि इथे होती गल्ली.

मग रोज सकाळी तिथे एक सोहळा होऊ लागला. हे कोपऱ्यापाशी थांबत आणि आभाळाकडे बघत बसत. भांडीवाला पायऱ्या उतरून येई, शाळेत जाणारी मुलं वाट बघत उभी असतच. सगळे मिळून गाडीचं शेपूट यांच्यासकट उचलत आणि गल्लीच्या दिशेला नेऊन ठेवत. मुलं उचलताना एका सुरात 'एक, दोन, तीन' म्हणत. तो आवाज आमच्या घरापर्यंत ऐकू येई. खरं म्हणजे तो ऐकायला मी घरात नसेच. दारातून गाडी रस्त्यावर काढताना शेपूट उचलायला मी लागे, आणि तशीच मग कोपऱ्यापर्यंत मी मागून चालत जाई, मधे कुठे अडली तर असावं कोणीतरी म्हणून.

त्या काळी महाडात मास्तराची बायको नवऱ्याबरोबर पेठेतून चालत नसे. देवळात जाताना नवरा पुढे, मी मागे, मधे अर्धा रस्ता, आणि बोलायचं ते घरी गेल्यावर. गाडीमागून मात्र मी रोज जाई, आणि कोणाला काही म्हणता येत नसे. आजारी माणसाची गाडी सांभाळायला नको का? यांना मान वळवून मागे बघता येत नसे. म्हणून हे समोर बघूनच मोठ्याने बोलत. शाळेतलं सांगत, मुलांच्या चुका सांगत, एखाद्या दुकानातलं कापड बघून तुला ते चांगलं दिसेल असंही एकदा म्हणाले. बाजूने जाणाऱ्या माणसाला वाटलं, की मास्तर त्याच्याशीच बोलतायत, आणि तो लाजला. मला ते चालणं फार आवडे. मी त्यासाठी सकाळी बरं लुगडं नेसू लागले होते.

यांचं मात्र तिकडे काही बरं चाललेलं नव्हतं. ज्या मास्तराला सकाळी उचलून ठेवलंय, त्याला दुपारी मुलं किती भिणार? एक दिवस वर्गात यांनी काटकोनाचं उदाहरण विचारलं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "भांडीवाल्याचा कोपरा, सर." उत्तर बरोबर होतं, हीच पंचाईत. शिक्षा तरी कशाबद्दल करणार? सगळा वर्ग हसला आणि हे घरी येऊन जेवले नाहीत. रात्री भिंतीकडे तोंड करून म्हणाले, की दिवाळीच्या सुट्टीनंतर ही गाडी आपली आपण वळली तरच शाळेत पाऊल टाकीन. नाहीतर राजीनामा देऊन वाडीत जाऊन भात झोडीन. यांच्या कमरेने भात झोडायचं म्हणजे काय होतं ते मला दिसत होतं, आणि शिकवणं सोडून या माणसाचं काय होईल तेही दिसत होतं. शाळेने बदली मास्तर ठेवून वर्षभर यांची जागा राखली होती. ती दुसऱ्यांदा कोण राखणार? मला त्या रात्री भीती वाटली, ती सुट्टी संपेपर्यंत गेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून यांनी गाडीचा रोग शोधायला घेतला. एक रोग मलासुद्धा दिसत होता. मुठी थोड्या वळवल्या की चाकं आरामखुर्चीच्या लांब हातांना जाऊन अडत. यांनी करवत मागवली आणि माझ्या वडिलांच्या खुर्चीचे दोन्ही हात कापून टाकले. मी ते दोन तुकडे उचलून चुलीशी ठेवले आणि यांच्या देखत एकेक करून जाळले. चाकं आता हवी तेवढी वळू लागली. पण गाडी वळायला तयार होईना. मुठी पुऱ्या फिरवल्या की ती किंचाळे, चाकं जमिनीवर घसटत, आणि गाडी तोंड वाकडं करून सरळच जाई. भांडीवाल्याच्या कोपऱ्यावर ती अशी आडवी अडकली, की मागून आलेला भाताचा गाडीवान खाली उतरून निवांत विडी ओढत बसला. त्या दिवशी उचलायला तोही होता.

असं का होतं, ते यांना कळेना. कागद काढून पुन्हा पुन्हा तपासत. दोन चाकं, दोघांच्या मधे दांडी, म्हणजे एक जितकं वळेल तितकंच दुसरं वळणार, कायम समांतर. चित्रावर यांनी तो शब्द मोठ्या अक्षरात लिहून खाली रेघ मारली होती. वर्गात समांतर रेषा शिकवताना यांचा चेहरा देवाचं नाव घेतल्यासारखा होई, हे मला यांच्या एका विद्यार्थ्याने सांगितलं होतं. जे समांतर आहे त्यात चूक असूच शकत नाही, असं यांचं म्हणणं. मग चूक रस्त्याची, गल्लीची, रबराची, आणि शेवटी माझ्या भावाची ठरली.

दिवाळीची सुट्टी लागली. आम्ही दरवर्षी वाडीत जायचो. मोटारसर्व्हिसच्या गाडीत यांना बसवत नसे, तेव्हा हे म्हणाले, की मी माझ्या गाडीने येतो. महाडहून सडक बरीचशी सपाट आणि वळणं मोठी, तेवढी आमच्या गाडीला झेपत. मी सामान घेऊन मोटारने पुढे गेले आणि सासूबाईंबरोबर सडकेवर येऊन उभी राहिले. वर्षभराने मुलगा स्वतःच्या पायांनी घरी येत होता. सासूबाईंनी ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या आणला होता, आणि वाडीतली दहा-वीस माणसं गाडी बघायला जमली होती.

गाडी दिसली. जवळ आली. हे टोपी सारखी करत होते. आणि मग, आम्ही सगळे बघत असताना, "आलोच गो आये," असं म्हणून हे आमच्यासमोरून पोलादपूरकडे निघून गेले.

सासूबाई तुकडा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मला मात्र लगेच उमगलं. घराकडची गाडीवाट सडकेला तिरकी लागते. महाडाकडून येणाऱ्याला पुरं उलटं वळून आत शिरावं लागतं, पोलादपूरकडून येणाऱ्याला नुसतं कलून आत येता येतं. इथे थांबलं असतं तर जमलेल्या माणसांनी प्रेमाने उचललं असतं. ते टाळायला हे पोलादपूरपर्यंत गेले, मोटारथांब्याच्या मोकळ्या जागेत मोठा फेरा घेतला आणि परत आले. तोवर भाकरीचा तुकडा कुत्र्याने नेला होता. दुसरा आणून ओवाळताना सासूबाईंनी गाडीच्या तिन्ही चाकांकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "गाडीला तुझ्या वळण नाय रे."

सासूबाई मूळच्या कुडपणच्या, वर डोंगरातल्या गावच्या. डोंगरावरच्या माणसांना खालची माणसं मुळातच वाकडी वाटतात. त्यांनी हे बोलून माझ्याकडेही एक नजर टाकली, पण मी त्या वेळी कुत्र्याकडे बघत होते.

भाऊबिजेला माझा भाऊ मुंबईहून आला. पाटावर बसला. मी ओवाळलं, आणि त्याने लुगड्याची घडी पुढे केली ती मी घेतली नाही. म्हटलं, लुगडं राहू दे, मला ओवाळणी म्हणून गाडी वळवून दे. भाऊ यांच्याकडे बघू लागला. हे आढ्याकडे बघू लागले. भाऊ म्हणाला, की त्याने ड्रॉइंगप्रमाणे जॉब केलाय, एकदम बराबर; दाजींनी ड्रॉइंग बदललं तर तो जॉब बदलेल. हे म्हणाले, की ड्रॉइंग बदलण्याचा प्रश्न येत नाही, चाकं समांतर नसली तर त्याला यंत्र म्हणत नाहीत. भाऊ म्हणाला, मग नका म्हणू. यावर दोघेही रुसले. करंज्या तेवढ्या दोघांनी खाल्ल्या, पण वेगवेगळ्या खोल्यांत बसून.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर मळणी होती. भात झोडून झालं, की पेंढ्यात जे दाणे राहतात त्यांवरून बैल फिरवायचे. खळ्याच्या मधोमध लाकडी खांब रोवलेला असतो, त्याला मेढ म्हणतात. मेढीला दावं बांधून त्या दाव्याला बैल एकाशेजारी एक बांधायचे आणि गोल गोल हाकायचे. माणसं कमी होती, सासूबाई पेंढा उलटत होत्या, तेव्हा यांनी काठी टेकत पुढे होऊन सांगितलं, की बैल मी बांधतो. लहानपणी वाडीत हे काम यांचंच असे. यांनी बांधले आणि जवळच गाडीत जाऊन मागे टेकून बसले, देखरेखीला.

बैल चालू लागले तशी रांग बिघडली. आमचा म्हातारा बैल सगळ्यात बाहेर होता. तो बिचारा चालून चालून मागे पडे, आतला तरणा खोंड मेढीपाशी जागच्या जागी पाय आपटत उभा राही आणि मधल्यांच्या माना आवळल्या जात. एक बैल तर दाव्यावरून पाय टाकून उलटा उभा राहिला. सासूबाईंनी पेंढा खाली टाकला.

"शाळा शिकलास नि बैल बांधाय विसरलास?" त्या म्हणाल्या. "म्हातारा आतल्या अंगाला बांधतात. भायेरच्याला चालाय जास्त लागतं रे."

हे हसले. चूक अगदी पोरकट होती. खळ्यावर खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला ते ठाऊक असतं, यांनाही होतं. म्हाताऱ्याला दोन्ही बाजूंना खोंड नकोत, एवढाच विचार यांनी केला होता. हसता हसता हे मधेच थांबले. मला वाटलं कमरेत कळ आली. जवळ गेले तर हे दोन्ही हात पुढे करून, दोन चाकं धरल्यासारखी बोटं वळवत होते, एक हात जास्त, एक हात कमी. मग म्हणाले, "अगं, मी बैल समांतर बांधले."

मला काही कळलं नाही. यांनी बैल सोडायला लावले, पेंढा बाजूला सारायला लावला, दावं मागवलं, आणि मेढीभोवती दावं धरून काठीने खळ्यावर एकात एक वर्तुळं काढायला घेतली. खळं नुकतंच शेणाने सारवलेलं. सासूबाई ओरडल्या, यांना ऐकू गेलं नाही. माझ्या भावाला हाक मारली, तोही रुसवा विसरून आला. हे सांगू लागले. गाडी वळते तेव्हा तिची सगळी चाकं एकाच मेढीभोवती फिरतात. मेढ दिसत नाही एवढंच. आतल्या चाकाचं वर्तुळ लहान, त्याला जास्त वळायला हवं. बाहेरच्याचं मोठं, त्याला कमी. आपण दोघांना सारखंच वळवलं, म्हणजे दोघांना दोन वेगळ्या मेढी दिल्या. मग ती घसटतील नाहीतर काय करतील?

"म्हणजे समांतर नको?" भावाने विचारलं.

"सरळ जाताना समांतर," हे म्हणाले. "वळताना नको. मी चुकलो."

हे शेवटचे दोन शब्द यांच्या तोंडून मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकले. भिंतीवर गेरूने लिहून ठेवावेत असं मला वाटलं, पण दिवाळीच्या चित्रांमुळे भिंतीवर आधीच जागा उरली नव्हती. आणि हे बोलताना यांचा चेहरा पडलेला नव्हता, उजळलेला होता. गणिताच्या माणसांचं काही सांगता येत नाही.

पुढचे दोन दिवस भाऊ आणि हे वाडीच्या लोहाराच्या भात्याशी बसून होते. दोन्ही पुढच्या चाकांपासून मागे निघणाऱ्या लोखंडी पट्ट्या होत्या, त्यांच्या टोकांना ती आडवी दांडी जोडलेली. आधी पट्ट्या सरळ मागे जात. आता त्या तापवून आत वाकवल्या, अशा, की दोन्ही पट्ट्यांची टोकं मागच्या चाकाकडे बोट दाखवतील. दांडी तेवढी आखूड केली. एवढ्यावर, म्हणे, आतलं चाक आपोआप जास्त वळतं. मला ते कळलं नाही आणि अजूनही नीट कळत नाही, पण डोळ्यांनी पाहिलं. शिवाय मागचं चाक वीतभर पुढे घेतलं, कारण लांबट गाडीला फेरा मोठा लागतो. मुठी पुऱ्या फिरवल्या की यांच्या मांडीला लागत, म्हणून त्या बाहेर वाकवल्या. त्या कामात यांचं एक धोतर गेलं.

मळणी आटोपल्यावर रिकाम्या खळ्यात हे गाडी घेऊन आले. मेढीभोवती आधी लांबून फेरा घेतला. मग थोडा जवळून. मग आणखी जवळून. गाडी किंचाळली नाही. शेवटी हे मेढीच्या इतक्या जवळून फिरू लागले, की हात लांबवून तिला शिवत होते, आणि प्रत्येक फेऱ्याला शिवत होते. तेवढी गंमत तिशीच्या पुढे गेलेल्या मास्तराने करावी का, असा प्रश्न मला पडला, पण मी विचारला नाही. भाऊ खळ्याच्या कडेला उभा राहून, एकदम फस्क्लास, असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"आलं गो वळण," त्या मला म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "गाडीला."

सुट्टी संपली, आम्ही महाडला परतलो. शाळेच्या पहिल्या दिवशी मी नेहमीसारखी तयार झाले. बरं लुगडं काढलं, केस बांधले. दारात गाडी होती. शेपूट उचलायला मी वाकले, तेवढ्यात यांनी मुठी फिरवल्या आणि गाडी आपली आपण रस्त्यावर जाऊन उभी राहिली. हे म्हणाले, की तू कशाला येतेस आता, घरातलं बघ. बोलण्यात राग नव्हता, आनंदच होता. गाडी निघाली. मी उंबऱ्यावर उभी राहून कान देऊन ऐकत होते. भांडीवाल्याने मागाहून सांगितलं, की तो धोतर खोचून पायऱ्या उतरला, मुलं हात पुढे करून उभी राहिली, आणि मास्तर सगळ्यांच्या मधून गल्लीत वळून गेले. आम्ही आपले रिकाम्या हातांनी एकमेकांकडे बघत राहिलो, म्हणाला. मला घरी एवढंच कळलं, की 'एक, दोन, तीन' ऐकू आलं नाही. मी देवापुढे साखर ठेवली. मग लुगडं बदलायला आत गेले आणि मला रडू आलं. आनंद तर झालाच होता. पण ते सकाळचं चालणं संपलं होतं, आणि ते मला फार आवडत होतं, आणि ते सांगायचं तरी कोणाला?

संध्याकाळी हे आले. अंगणात शिरले, तुळशीभोवती एक फेरा घेतला, मग उगाच दुसरा घेतला, आणि गाडीचं तोंड परत रस्त्याकडे करून थांबले. उतरेनात. मी काठी आणून दिली तरी उतरेनात. म्हणाले, चल, जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. मी म्हटलं, आता मागे माणूस कशाला लागतं तुम्हाला?

"मागे नको," हे म्हणाले. "मागे असलीस की मला दिसत नाहीस. बाजूने चल."

पेठेत दिवे लागत होते. ऐन गर्दीची वेळ. मी पदर सारखा केला आणि यांच्या बाजूने चालू लागले. भांडीवाला बघत होता, बघू दे म्हटलं. कोपरा आला तसे हे म्हणाले, "तू बाहेरच्या अंगाला आहेस. वळणावर तुला जास्त चालावं लागेल."

"ते लग्न झाल्यापासून चालतेच आहे," मी म्हटलं.

 कोपऱ्यावर गाडी यांनी इतकी सावकाश घेतली, की मला पाऊल जराही लांब टाकावं लागलं नाही.